धावताना येणारे पेटके आणि मीठ-पाण्याचा सल्ला

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

पावसाळा सरत आला की साताऱ्यापासून मुंबईपर्यंत लांब पल्ल्याच्या शर्यतींचा हंगाम सुरू होतो आणि त्याबरोबर वृत्तपत्रांच्या आरोग्यविषयक पुरवण्यांतून व आयोजकांच्या सूचनापत्रकांतून नवोदित धावपटूंसाठी सल्लेही प्रसिद्ध होऊ लागतात. त्यांतील बहुतेक सल्ले उपयुक्त असतात. धावताना पायात येणाऱ्या पेटक्यांविषयी मात्र वर्षानुवर्षे एकच गोष्ट छापली जाते : शरीरातले पाणी आणि क्षार कमी झाल्याने पेटके येतात, तेव्हा भरपूर पाणी प्या, मीठ-साखरेचे पाणी घ्या, केळी खा. मी व्यवसायाने भौतिकोपचारतज्ज्ञ (फिजिओथेरपिस्ट) असून शर्यतींच्या मदतकक्षांत धावपटूंचे पाय हाताळण्याचे काम करते. हा सल्ला अपुरा आहे, बहुसंख्य धावपटूंना तो मूळ कारणापासून दूर नेतो आणि काही प्रसंगी तो धोकादायकही ठरतो, असे माझे ठाम मत झाले आहे. ते सविस्तर मांडावे म्हणून हा पत्रप्रपंच.

मीठ-पाण्याचा समज मुळात निराधार नव्हता, हे आधी नमूद केले पाहिजे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमधील खोल कोळसा खाणींतले कामगार, जहाजांच्या भट्ट्यांत कोळसा टाकणारे खलाशी आणि १९३० च्या दशकात अमेरिकेत हूव्हर धरणाच्या बांधकामावर वाळवंटी उन्हात राबणारे मजूर यांना असह्य पेटके येत असत. खाणकामगारांविषयी मॉस यांचा शोधनिबंध १९२३ सालचा आहे आणि हूव्हर धरणावरील मजुरांचा अभ्यास हार्वर्ड विद्यापीठाच्या फटीग लॅबोरेटरीतील शास्त्रज्ञांनी केला होता. ही माणसे दिवसचे दिवस घाम गाळीत होती आणि तहान भागवायला नुसते पाणी पीत होती. घामावाटे गेलेले मीठ भरून निघत नव्हते आणि मीठ दिल्यावर त्यांना आराम पडत होता. निष्कर्ष त्या परिस्थितीपुरता योग्यच होता. पुढे तो जसाच्या तसा धावपटूंना लागू करण्यात आला, तेथे गफलत झाली. जानेवारीतल्या पहाटे सुटून दोन ते पाच तासांत शर्यत संपवणारा, आदल्या रात्री पोटभर जेवलेला आणि वाटेत दर काही किलोमीटरवर पाणी मिळणारा धावपटू त्या मजुराच्या अवस्थेत नसतो.

धावपटूंचे रक्त प्रत्यक्ष तपासले गेले, तेव्हा हे स्पष्ट झाले. ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ रोनाल्ड मॉन यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एका मॅरेथॉनमधील ८२ धावपटूंपैकी १५ जणांना पेटके आले होते. पेटके आलेल्यांच्या आणि न आलेल्यांच्या रक्तातील सोडियम, पोटॅशियम किंवा पाण्याच्या प्रमाणात अर्थपूर्ण फरक सापडला नाही. पुढे दक्षिण आफ्रिकेतील क्रीडावैद्यक तज्ज्ञ मार्टिन श्वेल्नस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केपटाऊनची ५६ किलोमीटरची टू ओशन्स शर्यत आणि पोहणे, सायकल आणि धावणे अशी सलग तीन अंगांची आयर्नमॅन ट्रायथलॉन येथे असेच अभ्यास केले. निर्जलीकरण हे पेटक्यांचे कारण त्यांनाही आढळले नाही. आयर्नमॅनमध्ये ज्यांना पेटके आले, त्यांच्यात दोन गोष्टी ठळकपणे दिसल्या : त्यांचा वेग इतरांपेक्षा अधिक होता आणि त्यांना पूर्वीही पेटके आलेले होते.

प्रयोगशाळेचे निष्कर्ष क्षणभर बाजूला ठेवले, तरी मदतकक्षात उभ्या असलेल्या कोणालाही दोन प्रश्न पडावेत. रक्त सर्व शरीरात एकच फिरते. त्यातले क्षार कमी झाले म्हणून पेटके येत असतील, तर ते हातात, पाठीत आणि जबड्यातही यायला हवेत. प्रत्यक्षात ते पोटरीत, मांडीच्या मागच्या स्नायूत किंवा मांडीच्या पुढच्या भागात येतात, म्हणजे जो स्नायू तासन्‌तास राबला त्याच्यातच येतात. दुसरा प्रश्न असा की, पोटरीचा गोळा पाऊल वर ओढून ताणला की तो मिनिटभरात सुटतो. ताण दिल्याने रक्तात मीठही वाढत नाही आणि पाणीही वाढत नाही. मग तो सुटतो कसा?

याचे उत्तर स्नायू आणि मज्जारज्जू यांच्यातील संदेशांच्या देवाणघेवाणीत आहे. स्नायूला आकुंचनाचा आदेश मज्जारज्जूतील चेतापेशी देतात. त्या चेतापेशींना स्नायूकडून सतत दोन प्रकारचे संदेश येत असतात. स्नायूच्या तंतूंमध्ये असलेली संवेदी रचना आकुंचनाला उत्तेजन देते, तर स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या कंडरेतील रचना, जिला इटालियन शास्त्रज्ञ कामिल्लो गॉल्जी यांचे नाव मिळाले आहे, ती ताण वाढला की आकुंचनाला आवर घालते. स्नायू ताजातवाना असताना हे दोन्ही संदेश तोलून राहतात. स्नायू थकला की उत्तेजन देणारे संदेश वाढतात आणि आवर घालणारे क्षीण होतात, त्यामुळे चेतापेशी न थांबता आदेश देत राहते आणि स्नायू आखडून दगडासारखा होतो. स्नायू आधीच आखूड स्थितीत असताना आकुंचन पावला, तर कंडरेवर ताणच येत नाही आणि उरलासुरला आवरही सुटतो. पाय पसरून, पावलांची टोके मागे करून पोहणाऱ्याच्या पोटरीत गोळा येतो तो यामुळेच. ताण दिल्यावर कंडरा खेचली जाते, आवर घालणारा संदेश पुन्हा पोहोचतो आणि गोळा सुटतो. श्वेल्नस यांनी १९९७ साली मांडलेली ही उपपत्ती अंतिम सत्य आहे असा माझा दावा नाही, परंतु जे रोज हाताखाली दिसते त्याचा उलगडा तिच्याइतका दुसरी कोणतीही उपपत्ती करत नाही.

साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनचेच उदाहरण घ्यावे. शहरातून निघून यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्याने पुढे जाऊन परत फिरायचे आणि तोच घाट उतरायचा, असा हा मार्ग आहे. हवा गार असते, अनेकदा धुके आणि पावसाची भुरभुर असते, घाम मैदानी शर्यतीपेक्षा कमी जातो. तरीही उताराच्या अखेरच्या टप्प्यात रस्त्याकडेचा कठडा धरून, एक पाय उचलून उभे राहिलेले धावपटू ओळीने दिसतात. मोजा खाली सारला की पोटरीच्या त्वचेखाली स्नायूचे बारीक तंतू लाटेसारखे फडफडताना डोळ्यांना दिसतात, मध्येच सगळी पोटरी एका बाजूला ओढली जाऊन तिचा आकार बदलतो आणि पायाची बोटे आपोआप खाली वळतात. चौकशी केली की बहुतेकांचे उत्तर एकच असते : चढावर बरे वाटत होते म्हणून वेग वाढवला, उतारावर सुटलो. यांपैकी बरेच जण सपाट रस्त्यावर किंवा ट्रेडमिलवर तयारी करून आलेले असतात. उतरताना मांडीचे आणि पोटरीचे स्नायू लांबत असतानाच भार पेलत असतात, त्या प्रकारच्या कामाची सवय नसेल तर तंतूंना सूक्ष्म इजा होते आणि थकवा फार लवकर येतो. मुंबई मॅरेथॉनमध्ये पेडर रोडचा चढ अखेरच्या टप्प्यात येतो, तेथे दुसऱ्या कारणाने हेच घडते : सुरुवातीचे २०-२५ किलोमीटर सरावापेक्षा वेगाने धावून आलेले पाय त्या चढाला उरलेलेच नसतात. आषाढी वारीत पुणे ते सासवड हा दिवे घाटाचा मोठा टप्पा चालून आल्यावर, एरवी फारसे न चालणाऱ्यांचे पाय रात्री वळतात, त्यामागेही सवयीपलीकडचा भारच असतो.

येथे लोणच्याच्या पाण्याविषयी लिहिणे आवश्यक आहे, कारण हल्ली समाजमाध्यमांवर त्याची मोठी चर्चा असते. हे पाणी म्हणजे आपल्या तेलातल्या लोणच्याचा खार नव्हे. काकड्या मुरवलेले व्हिनेगर आणि मिठाचे पाणी आहे. अमेरिकेतील केव्हिन मिलर यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तरुण पुरुषांच्या पायाच्या अंगठ्याच्या स्नायूत विजेच्या साहाय्याने पेटका आणला गेला. साधे पाणी प्यायल्यावर तो सरासरी सुमारे १३४ सेकंद टिकला, लोणच्याचे पाणी प्यायल्यावर सुमारे ८५ सेकंद. एवढ्या अल्पावधीत पोटातले मीठ रक्तात उतरून स्नायूपर्यंत पोहोचणे शक्य नसते आणि रक्ताच्या तपासणीतही क्षार वाढलेले आढळले नाहीत. तोंडातील आणि घशातील चेतांना आंबट-तिखट चवीचा झटका बसतो आणि तेथून निघालेला संदेश मज्जारज्जूतील अतिउत्तेजित पेशींना शांत करतो, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. प्रयोग मोजक्याच व्यक्तींवरचा आहे आणि तो पेटका धावण्याने आलेला नव्हता, त्यामुळे मी हा उपाय म्हणून सुचवत नाही. परंतु मीठ रक्तात न जाताही पेटका आवरतो, ही त्यातली गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

याचा अर्थ क्षार आणि पाणी यांना काहीच महत्त्व नाही, असा कोणी काढू नये. काही व्यक्तींच्या घामात मीठ खूप जाते. टोपीच्या कडेवर, बनियनच्या पाठीवर पांढरे पट्टे उमटतात ते याच लोकांचे. अशा व्यक्तींनी लांब पल्ल्यात, विशेषतः दमट हवेत, खारट पदार्थ किंवा क्षारयुक्त पेय घेणे रास्त आहे. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात १३ जणांच्या पोटऱ्या उष्ण वातावरणात मुद्दाम थकवण्यात आल्या. क्षार-साखरेचे पेय घेतल्यावर पेटके उशिरा आले, हे खरे. पण आले मात्र १३ पैकी ९ जणांना. केळ्याबद्दल बोलायचे तर एका मध्यम केळ्यात साधारण ४०० मिलिग्रॅम पोटॅशियम असते, तर एक लिटर घामातून त्याच्या निम्म्याच्या आसपास पोटॅशियम जाते. घामातून प्रामुख्याने जाते ते सोडियम आणि ते केळ्यात जवळजवळ नसते. शर्यतीत केळे जरूर खावे, त्यातील साखर स्नायूंना इंधन देते. पेटका आल्यावर ते औषध म्हणून खाण्यात अर्थ नाही.

चुकीचा सल्ला निरुपद्रवी असता, तर मी एवढे लिहिले नसते. पेटके टाळण्यासाठी तहान नसताना प्रत्येक केंद्रावर पाणी पीत राहिल्याने रक्तातील सोडियम पातळ होते. २००२ सालच्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचे रक्त अंतिम रेषेवर तपासले, तेव्हा १३ टक्के जणांत सोडियम सामान्य पातळीखाली गेलेले आढळले आणि त्याच शर्यतीत एका धावपटू महिलेचा या कारणाने मृत्यू झाला होता. सावकाश धावणाऱ्यांना हा धोका अधिक असतो, कारण ते अधिक वेळ मार्गावर असतात आणि अधिक पाणी पितात. आपल्याकडे पहिल्यांदाच मॅरेथॉन धावणाऱ्यांत असेच धावपटू बहुसंख्य असतात. दुसऱ्या टोकाची चूकही मी वारंवार पाहते : एक लिटर पाण्यासाठी असलेली ओआरएसची पुडी अर्ध्या लिटरच्या बाटलीत, क्वचित त्याहूनही कमी पाण्यात घोळून प्यायली जाते. असे दाट द्रावण पोटात पाणी ओढून घेते, मळमळ आणि जुलाब होतात आणि ज्या निर्जलीकरणाची भीती होती ते ओढवून घेतले जाते. पेटक्यांच्या भीतीने शर्यतीआधी वेदनाशामक गोळी घेण्याची पद्धतही फोफावली आहे. त्या गोळ्या पेटके टाळत नाहीत. तापलेल्या, पाणी कमी झालेल्या शरीरात त्या मूत्रपिंडांना इजा करू शकतात.

मग धावपटूंनी करावे काय? सर्वांत मोठा उपाय शर्यतीच्या काही महिने आधी करायचा असतो, म्हणूनच तो सूचनापत्रकांत येत नाही. ज्या वेगाने शर्यत धावायची त्या वेगाची आणि ज्या प्रकारच्या मार्गावर धावायची त्या मार्गाची सवय पायांना झाली पाहिजे. घाटातली शर्यत असेल तर चढाइतकाच उताराचा सराव हवा. लांब पल्ल्याच्या सरावातील शेवटचे काही किलोमीटर, पाय थकलेले असताना, शर्यतीच्या वेगाने धावून पाहावेत. व्यायामशाळेचा कंटाळा करू नये : पायरीच्या कडेवर उभे राहून टाचा वर-खाली करणे, हे एकदा गुडघा सरळ ठेवून आणि एकदा किंचित वाकवून, पाठीवर झोपून एका पायावर कंबर उचलणे, भार घेऊन बैठका, असे व्यायाम आठवड्यातून दोनदा केले तरी पुष्कळ फरक पडतो. स्पेनमधील व्हॅलेन्सिया मॅरेथॉनच्या धावपटूंवर झालेल्या अभ्यासातही पेटके आलेल्यांत पायांचे बलवर्धक व्यायाम करणाऱ्यांचे प्रमाण कमी होते आणि त्यांच्या रक्तात स्नायूंच्या इजेच्या खुणा अधिक होत्या. शर्यतीच्या दिवशी सुरुवातीचा टप्पा आवरून धावावा, वाटेत थोडे थोडे कर्बोदक घ्यावे आणि पाणी तहानेप्रमाणे प्यावे. रक्तदाबासाठी मूत्रल (लघवी वाढवणाऱ्या) गोळ्या किंवा कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन घेणाऱ्यांना वारंवार पेटके येत असतील, तर त्यांनी आपल्या डॉक्टरांशी बोलावे. गोळी परस्पर बंद करू नये.

पेटका आलाच, तर थांबावे. पोटरीत असेल तर गुडघा सरळ ठेवून पाऊल नडगीकडे ओढावे आणि साधारण अर्धा मिनिट, धक्के न देता, ताण धरून ठेवावा. मांडीच्या मागे असेल तर टाच पुढे टेकवून, गुडघा सरळ करून कंबरेतून वाकावे. मांडीच्या पुढे असेल तर टाच पार्श्वभागाकडे आणावी. सोडल्यावर स्नायू फडफडत राहिला तर पुन्हा ताणावा. आपले स्वयंसेवक प्रेमाने धावत येतात आणि आखडलेली पोटरी दोन्ही हातांनी जोरात रगडतात, फवारे मारतात. त्यांचा हेतू चांगला असतो, पण गोळा सुटतो तो ताणाने. त्यानंतर काही वेळ चालावे आणि मग पूर्वीपेक्षा कमी वेगाने धावावे, कारण थकवा तसाच असतो आणि पूर्वीच्या वेगाला पेटका परत येतो.

सर्वच पेटके मात्र असे साधे नसतात आणि ही बाब महाराष्ट्राच्या दृष्टीने अधिक गंभीर आहे. एकाच वेळी अनेक ठिकाणी, सर्वांगात पेटके येत असतील, डोकेदुखी, उलटी, बोलण्यात असंबद्धता असेल किंवा अंग कमालीचे तापलेले असेल, तर ते उष्माघाताचे किंवा सोडियम घसरल्याचे लक्षण असू शकते आणि अशा व्यक्तीला पाणी पाजत बसण्याऐवजी तत्काळ डॉक्टरांकडे सोपवले पाहिजे. शर्यतीनंतर लघवी काळ्या चहासारखी झाली, तर स्नायूंची मोठी हानी झालेली असते, घरी थांबू नये. आणखी एक अवस्था आपल्याकडे फारशी कोणाला ठाऊक नाही. गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार यांसारख्या जिल्ह्यांत सिकलसेल या तांबड्या रक्तपेशींच्या आनुवंशिक आजाराचा गुणधर्म मोठ्या प्रमाणावर आढळतो. ज्यांना आजार नाही पण गुणधर्म आहे, अशा व्यक्ती एरवी पूर्ण निरोगी असतात, परंतु सरावाविना जिवाच्या आकांताने धावल्यास त्यांच्या तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन स्नायूंचा रक्तपुरवठा तुटू शकतो. पोलीस भरतीच्या १६०० किंवा ८०० मीटर धावण्याची तयारी करणारी याच जिल्ह्यांतली मुले-मुली उन्हातान्हात अशा परीक्षेला सामोरी जातात. त्यांचे पाय दुखू लागले की ‘गोळा आला, पळ तसाच’ असे सांगितले जाते. फरक हाताने ओळखता येतो : साध्या पेटक्यात स्नायू दगडासारखा घट्ट लागतो आणि माणूस वेदनेने ओरडतो, तर या अवस्थेत स्नायू हाताला मऊच लागतात, पायातले बळ जाते आणि माणूस हळूहळू खाली बसतो. अशा वेळी धावणे तिथेच थांबवून प्राणवायू आणि रुग्णालय, एवढाच मार्ग असतो. २०२३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत तपासणी करून कार्ड दिले जाते. भरतीची तयारी करून घेणाऱ्या प्रत्येक प्रशिक्षकाने ते कार्ड पाहिल्याविना मुलांना पळवू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.

आपल्या वृत्तपत्राकडे आणि शर्यतींच्या आयोजकांकडे माझे मागणे मोठे नाही. हंगामापूर्वी जो मजकूर छापला जातो, त्यात ‘भरपूर पाणी प्या’ याऐवजी ‘तहानेप्रमाणे प्या’ असे छापावे आणि पेटक्यांविषयीचा सल्ला शर्यतीच्या आदल्या आठवड्यात न देता तीन महिने आधी, बलवर्धक व्यायामांच्या सचित्र माहितीसह द्यावा. आयोजकांनी पाण्याच्या केंद्रांवरील स्वयंसेवकांना ताण देण्याची पद्धत आणि वर लिहिलेली धोक्याची लक्षणे तासाभराच्या प्रशिक्षणात शिकवावीत, ओआरएस मोजून तयार केलेलेच ठेवावे आणि मदतकक्षात शरीराचे तापमान व सोडियम तपासण्याची सोय असलेले डॉक्टर नेमावेत. या प्रशिक्षणासाठी लागणारी टिपणे मराठीत तयार करून विनामूल्य देण्याची माझी तयारी आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली विश्वासू,
एक भौतिकोपचारतज्ज्ञ, सातारा